दीडशे पौंडांत जुनी कार्लटन रस्त्यावर आणायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी शेजारच्या वृद्ध सायकलस्वाराकडून १९७० च्या दशकातली कार्लटन सायकल ४० पौंडांना घेतली. वाकडं रेसिंग हँडल, दहा गिअर, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ या नामांकित स्टील नळीचा स्टिकर, कॉटर पिनांचे क्रँक (म्हणजे पायडलचे दांडे एक्सलला पाचरीसारख्या पिनेने अडकवलेले), क्रोमच्या स्टील रिम. रंग बराचसा शाबूत आहे पण मळलाय, आणि सीटचा दांडा जागचा हलत नाही. सायकल रोज ऑफिसला न्यायची आहे, जाऊन-येऊन आठ मैल, पावसातसुद्धा. आणखी १५० पौंड खर्चायची तयारी आहे. ते विचारतात, आधी पावडर कोटिंग करून घेऊ का? नवी चाकं आत्ताच मागवू का? आणि डिसेंबरात पुण्याला जाणार आहे, तर तिकडून काय काय आणू?

आधी सरळ उत्तरं देतो. पावडर कोटिंग अजिबात करू नका. चाकांची ऑर्डर आज देऊ नका. पुण्याहून कॉटर पिना जरूर आणा, टायर आणू नका. आता कारणं.

तुमचा प्रश्न पैशाचा वाटतो, पण मला तो क्रमाचा वाटतो. मी मिरजेत काकांच्या सायकलच्या दुकानात काम शिकलो आणि आता बरीच वर्षं इथे मिडलँड्समध्ये एका सामुदायिक वर्कशॉपमध्ये जुन्या सायकली उघडतो, जोडतो. आमच्याकडे अर्धवट राहिलेल्या सायकली येतात, त्यांच्यावर खर्च झालेला असतोच. नवी चामड्याची सीट असते, नवी हँडल टेप असते, कधी टायरसुद्धा कोरे असतात. आणि मग कळतं की सीटचा दांडा निघत नाही, म्हणून उंची जमत नाही, म्हणून सायकल चालवताच येत नाही. पैसे कमी पडलेले नसतात, ते चुकीच्या टप्प्यावर गेलेले असतात. म्हणून माझा नियम असा: सायकल पूर्ण उघडून, पुसून, मोजून होईपर्यंत ग्रीस आणि गंज सोडवणारं तेल सोडून काहीही विकत घ्यायचं नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. फ्रेम तुमच्या मापाची आहे का? पाय फाकून वरच्या नळीवर उभे राहा. बुटांसकट उभं राहून नळी आणि तुमच्यात बोटभर तरी जागा हवी. फ्रेम सरळ आहे का? आणि सीटचा दांडा सुटेल का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर १५० पौंडांत उत्तम, भरवशाची सायकल तयार होईल. एकाचं जरी ‘नाही’ आलं तरी पुढचं सगळं गणित बदलतं. माप मोठं असेल तर ती ज्याला बसते त्याला विका आणि दुसरी शोधा. ५३१ ची फ्रेम घ्यायला इथे माणसं मिळतात.

फ्रेमची तपासणी दहा मिनिटांचं काम आहे, पण उजेडात करा. पुढच्या हेड ट्यूबला, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या नळीला, खालची तिरकी नळी जिथे मिळते, तिथून दोन-तीन इंच मागे, नळीच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवा. तिथे रंगाला बारीक सुरकुती असेल किंवा नळीला उंचवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. असा फुगवटा नजरेच्या आधी अंगठ्याला कळतो. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बाजूने पाहा. त्याच्या वरच्या सरळ भागाची रेषा हेड ट्यूबच्या रेषेत हवी, मागे ढकललेली नको. मग मागचं चाक काढून एक दोरा घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा, आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की मागचा त्रिकोण सरळ. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, स्टील असल्याने तो सरळही करता येतो. शेवटी सायकल उलटी करून बीबीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या आडव्या नळीच्या, खालच्या बाजूचा गंज बघा. पाणी आत उतरून तिथेच साठतं. वरवरचा तांबूस थर असेल तर काळजी नको. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर पापुद्रे सुटत असतील तर आधी कुणा फ्रेम बनवणाऱ्याला दाखवा.

५३१ चा स्टिकर नीट वाचा, कारण त्यात बरीच माहिती असते. रेनॉल्ड्सची ही मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची नळी १९३५ साली बाजारात आली आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगल्या ब्रिटिश सायकलची ओळखच ती होती. पण सगळे ५३१ सारखे नाहीत. स्टिकरवर ‘बटेड’ असेल तर नळीच्या भिंती टोकांना जाड आणि मध्ये पातळ आहेत. ‘प्लेन गेज’ असेल तर जाडी सगळीकडे एकच. काही सायकलींत फक्त मुख्य तीन नळ्या ५३१ च्या असतात, फोर्क आणि मागच्या नळ्या साध्या स्टीलच्या. हे सगळं त्या छोट्या स्टिकरवर छापलेलं असतं, म्हणून पुसताना त्याला ओलं फडकंसुद्धा जपून लावा. याचा थेट उपयोग सीटच्या दांड्याच्या मापासाठी होतो. डबल बटेड ५३१ मध्ये तो बहुधा २७.२ मिलिमीटरचा असतो. प्लेन गेजमध्ये किंवा साध्या नळीत त्याहून बारीक, २६.८, २६.४ असा. चुकीच्या मापाचा बारीक दांडा घालून बोल्ट आवळत बसलात तर सीट लगचे (सीटच्या दांड्यापाशी नळ्या जोडणाऱ्या सांध्याचे) कान वाकतात आणि मग तुटतात. ते दुरुस्त करणं तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

आता तो अडकलेला दांडा. आधी त्याला चुंबक लावा. चिकटलं तर दांडा स्टीलचा, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियमचा, आणि उपाय त्यावर ठरतो. स्टीलमध्ये स्टील अडकलं असेल तर तो साधा गंज. गंज सोडवणारं तेल वरून घाला. बीबी काढल्यावर सायकल उलटी करून खालूनही घाला, दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं. मग बाहेरच्या नळीला बेताने ऊब द्या. नळी प्रसरण पावते आणि पकड सुटते. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर गोष्ट वेगळी. ओलसर वातावरणात स्टीलला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतं आणि त्याचा पांढरा थर फुगून फटीत घट्ट बसतो. शिवाय तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून नुसत्या उष्णतेने तो आणखी आवळला जातो. तिथे तेल, धीर आणि थंडी कामी येते. बर्फाचा किंवा गोठवणारा स्प्रे फक्त दांड्यावर मारायचा, नळीवर नाही.

दोन्ही प्रकारांत जोर कसा लावायचा ते महत्त्वाचं. सीट काढा, क्लँपचा बोल्ट पूर्ण काढा, दांड्याचं वरचं टोक भक्कम व्हाइसमध्ये पकडा आणि अख्खी फ्रेम हातांनी फिरवा. फ्रेमची लांबी हीच मग तुमची तरफ. ओढायचं नाही, फिरवायचं. पहिला करकर आवाज आला की काम झालं म्हणून समजा. मग पुन्हा तेल आणि पुन्हा थोडं मागे-पुढे. कॉस्टिक सोडा ओतून अ‍ॅल्युमिनियम विरघळवायचा उपाय लोक सांगतील. तो चालतो, पण त्यातून हायड्रोजन निघतो, द्रावण उकळण्याइतकं तापतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो आणि रंगाचंही भलं होत नाही. घरच्या गॅरेजात हे करू नका. वेळ आलीच तर हे काम ज्याचं आहे त्याच्याकडे न्या. हँडलच्या स्टेमचंही याच वेळी बघून घ्या. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकडी हातोडीने एक ठोका द्या म्हणजे आतली पाचर खाली सरकते. स्टेम नुसता पिळत बसू नका.

हे दोन दांडे सुटले की निम्मी चिंता मिटली. आता बीबी आणि क्रँक. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या ब्रिटिश सायकली बिघडतात त्या याच जागी, दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून.

ब्रिटिश बीबीचं प्रमाणित माप १.३७ इंच, एका इंचात २४ आटे. पण रॅले या मोठ्या सायकल कंपनीने नॉटिंगहॅमच्या कारखान्यात स्वतःचं वेगळं माप वापरलं, इंचाला २६ आटे. कार्लटन वर्कसॉप गावात बनत. रॅलेने ती १९६० मध्ये विकत घेतली आणि वर्कसॉपचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. मधल्या काळात रॅले नावाच्या काही चांगल्या सायकलीही वर्कसॉपला बनत, त्यामुळे बॅजवरून आट्यांचा अंदाज बांधू नका. बीबीच्या आडव्या नळीची रुंदी मोजा. ६८ मिलिमीटर आली तर बहुधा २४ आटे. ७१ किंवा ७६ आली तर २६ असण्याचीच शक्यता जास्त. खात्री आट्यांच्या गेजने करायची, ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळेल. २६ निघाले तर जुने कप, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात त्या आट्यांच्या वाट्या, सोन्यासारखे जपा. आजच्या बंद काडतुसाच्या (बेअरिंग आत सीलबंद असलेल्या) बीबी त्यात जात नाहीत, आणि जबरदस्तीने घातल्या तर फ्रेमचे आटे कायमचे जातात.

बहुतेक वेळा कप बदलावे लागतच नाहीत. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. पण तो काढायचा कशाला? डाव्या बाजूचा कप आणि एक्सल बाहेर घ्या, उजवा कप जागेवरच ठेवून काठीला फडकं गुंडाळून आतून स्वच्छ करा आणि टॉर्चने त्याचा छर्‍यांचा मार्ग पाहा. चकचकीत एकसंध पट्टा दिसला तर कप चांगला. खड्डे दिसले तरच काढा. एक्सलवरचे मार्गही असेच तपासा. जुन्या पिंजऱ्यातले नऊ छर्रे टाकून देऊन प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा सुटे छर्रे ग्रीसमध्ये बसवा. भार जास्त छर्‍यांवर वाटला जातो आणि हा खर्च दोन-तीन पौंडांचा आहे. छर्रे जुनेच परत घालू नका. डोळ्यांना गोल दिसणारा जुना छर्रा गोल असेलच असं नाही.

कॉटर पिनेला इथले तरुण मेकॅनिक घाबरतात. मिरजेतल्या आमच्या दुकानात रोज पाच-सहा पिना निघायच्या आणि बसायच्या, त्यामुळे तुमच्या ओळखीत जुना सायकलवाला असेल तर त्याला विचारायला संकोचू नका, कारण तिकडच्या काळ्या सायकली याच ब्रिटिश नमुन्यावर बनत आल्या. रॅले १९६० मध्ये ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात गेली, त्याच समूहाच्या भागीदारीतून मद्रासचा टीआय सायकल्सचा कारखाना १९४९ मध्ये उभा राहिला होता.

पिन काढायची रीत अशी. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका. पिनेच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर बसणार नाही. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याला जागा सोडून, एक लोखंडी पाइप जमिनीवर उभा टेकवा. हे सर्वात महत्त्वाचं आहे, कारण आधार नसेल तर हातोडीचा घाव छर्‍यांमधून कपात जातो आणि चांगल्या कपाला खड्डे पडतात. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव. दहा हलक्या ठोक्यांनी पिन निघत नाही, ती नुसती वाकते. कॉटर प्रेस, म्हणजे पिन दाबून काढायचं-बसवायचं अवजार, मिळालं तर त्याहून उत्तम, हातोडीची गरजच नाही.

नवी पिन बसवताना तिची सपाट बाजू एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकली पाहिजे. सपाट भागावर मार्करची शाई लावा, पिन दाबून बसवा, परत काढा. शाई जिथे पुसली गेली तिथेच ती टेकते आहे. एकाच टोकाला पुसली असेल तर कानस घेऊन तो उतार सारखा करा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. एका क्रँकचा नट वर असेल तेव्हा दुसऱ्याचा खाली. तसं केलं नाही तर दोन पायडल एका रेषेत राहत नाहीत. आणि पिन नटने ओढून बसवू नका, आटे मऊ असतात. आधी प्रेसने किंवा आधार देऊन हातोडीने आत बसवा, मग नट फक्त ती तिथे धरून ठेवण्यासाठी.

चाकांकडे येऊ, कारण तुमच्या १५० पौंडांचा खरा निर्णय इथे आहे. क्रोमच्या स्टील रिम कोरड्या रस्त्यावर ठीक थांबतात. पावसात क्रोमवर पाण्याचा पातळ थर बसतो, ब्रेकचा रबर त्यावर घसरतो आणि ब्रेक दाबल्यावर आधी काही होतच नाही. सिग्नलपाशी हा वेळ फार मोठा असतो. स्टील रिमसाठी चामड्याची पट्टी बसवलेले ब्लॉक मिळत असत, त्याने फरक पडतो. पण रोज पावसातून जायचं असेल तर मी अ‍ॅल्युमिनियम रिमशिवाय सायकल हातात देणार नाही. पैसे वाचवायचे असतील तर सीट जुनी ठेवा, टेप स्वस्त घ्या, गिअर जुनेच चालवा. रिमवर वाचवू नका.

तरीही दोन्ही चाकं एकदम घ्यायची गरज नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून आधी पुढचंच चाक बदला. तुमच्या सायकलचं चाक २७ × १¼ असण्याची शक्यता जास्त, म्हणजे ६३० मिलिमीटरची रिम. आजचं ७००सी चाक ६२२ चं. व्यासात आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ब्रेकचे ब्लॉक चार मिलिमीटर खाली उतरायला हवेत. ब्रेकच्या बाहूतली खाच किती शिल्लक आहे ते बघा. त्या काळचे वाइनमन कंपनीचे सेंटरपुल (तार मधोमध ओढणारे) ब्रेक बहुतेक वेळा हे चार मिलिमीटर सहज देतात. मोजून जागा असेल तर ७००सी घ्या, कारण टायरची निवड खूप मोठी आहे. जागा नसेल तर नवे लांब बाहूंचे ब्रेक घेण्यापेक्षा जुनं २७ इंची अ‍ॅल्युमिनियम चाक शोधा. माझी आवडती युक्ती म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजातली १९८० च्या दशकातली साध्या नळीची सायकल वीसेक पौंडांना उचलायची. तिची फ्रेम जड असते, पण बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम रिमची दोन चाकं, ब्रेक लिव्हर आणि चालणारा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) त्या पैशात येतो. फक्त मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी मोजून घ्या. तुमच्यासारख्या दहा गिअरच्या, म्हणजे मागे पाच चकत्यांच्या फ्रेमला मागे १२० मिलिमीटर जागा असते, मागे सहा-सात चकत्यांच्या चाकाला १२६ लागते. स्टील फ्रेम तेवढी हाताने फाकवून चाक बसतं. कायम बसवायचं असेल तर वर्कशॉपमध्ये ती रीतसर वाढवून ड्रॉपआउट समांतर करून घ्या.

जुन्या २७ इंची रिमच्या कडा आतून सरळ असतील, म्हणजे टायर धरणारा हुक नसेल, तर टायरवर कितीही दाब लिहिलेला असो, मी ७० ते ७५ पीएसआयच्या वर हवा भरत नाही. त्याहून जास्त दाबाने टायर कडेवरून उडू शकतो.

ब्रेक वाइनमनचे असतील तर ते ठेवा. नवे ब्लॉक, नव्या आतल्या तारा आणि नवी आवरणं घातली की ते आजच्या मानानेही चांगले थांबवतात. आडवे जादा लिव्हर, ज्यांना इथे सेफ्टी लिव्हर म्हणत, ते मात्र काढाच. ते वाकतात, आणि मुख्य लिव्हरची निम्मी चाल खाऊन टाकतात.

गिअरवर सर्वात कमी खर्च करा. तुमचे गिअर लिव्हर टिकटिक न करणारे, घर्षणावर चालणारे आहेत, म्हणून त्यांना डिरेलर कुठल्या कंपनीचा आणि मागे दात किती याने काही फरक पडत नाही. मागचा डिरेलर सिम्प्लेक्सचा प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्या अंगावर तडा आहे का बघा. त्या प्लॅस्टिकला वयाने तडे जातात. तडा असेल तर जुना सनटूर घ्या. स्वस्तात मिळतो आणि त्या काळच्या कितीतरी महाग डिरेलरपेक्षा चांगला चालतो. चेन मोजायची सोपी पद्धत: एका पिनेच्या मध्यापासून बारा इंचांवर पट्टी धरा. चोविसाव्या दुव्याची पिन बरोबर बारावर हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) संपलेली असते. फ्रीव्हील काढायला तिच्याच बनावटीचा पान्हा लागतो, दोन खाचांचा, चार खाचांचा किंवा दात्यांचा. दुसऱ्या मापाचा पान्हा लावला की खाचा उडतात, म्हणून हे काम वर्कशॉपमध्ये करून घ्या.

रंगाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पावडर कोटिंग करताना आधी फ्रेम सँडब्लास्ट करतात. त्यात रंग जातो, स्टिकर जातात, हेड बॅजची मूळ जागा जाते, आणि जाड नव्या थराखाली लगच्या धारदार कडा बोथट होतात. त्या कडा कुणीतरी हाताने कानस मारून काढलेल्या आहेत. त्या काळचे बरेच ब्रिटिश रंग आधी चंदेरी थर देऊन त्यावर पारदर्शक रंग चढवलेले असतात. उन्हात धरली की नळी आतून उजळल्यासारखी दिसते ती त्यामुळे. असा रंग डबीतल्या टचअपने जुळत नाही आणि पावडरमध्ये तर मुळीच नाही. त्यामुळे मळ आधी कोमट साबणाच्या पाण्याने काढा, मग टी-कटसारखं सौम्य पॉलिश बीबीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागेवर लावून बघा. फडक्यावर रंग भराभर उतरू लागला तर तिथेच थांबा आणि नुसतं मेण लावा. स्टिकरवर टी-कट अजिबात नको. टवके उडालेल्या जागी पारदर्शक लॅकरचा थेंब दिला की गंज थांबतो. गंज घासायचाच असेल तर ओला घासा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. हँडल, स्टेमसारख्या क्रोमच्या भागांवर मात्र पाण्यात भिजवलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा फिरवा. अर्ध्या तासात किती उजळतं ते पाहून तुम्हाला आनंद होईल. आणि सगळं सुटं आहे तोवर नळ्यांच्या आत गंजरोधक मेण फवारायला विसरू नका, ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

पुण्याची खरेदी. कॉटर पिना आणा, पण आधी तुमची जुनी पिन कॅलिपरने मोजा. ब्रिटिश पिना बहुधा साडेनऊ मिलिमीटरच्या असतात, नऊ मिलिमीटरच्याही पिना असतात आणि त्या यात सैल बसतात. जुनी पिन खिशात घेऊनच दुकानात जा आणि चार-सहा जास्तच घ्या. छर्रे इथे चांगल्या प्रतीचे स्वस्तात मिळतात, ते वजन कशाला वाहता? टायर नको म्हणालो ते याच्यासाठी: आपल्याकडच्या काळ्या सायकलचा २८ × १½ टायर ६३५ मिलिमीटरचा असतो. तुमच्या रिमपेक्षा फक्त पाच मिलिमीटर मोठा, म्हणून हातात घेतल्यावर बसेलसा वाटतो आणि हवा भरल्यावर सटकतो. टायरच्या कडेवर ६३० हा आकडा असेल तरच तो तुमचा.

पैशांचा अंदाज, माझ्याकडे येणाऱ्या सायकलींवरून. पुढचं अ‍ॅल्युमिनियम चाक जुनं मिळालं तर वीस ते तीस पौंड, नवं घेतलं तर चाळीसच्या पुढे. दोन टायर, ट्यूब आणि रिम टेप पंचेचाळीसच्या आसपास. ब्रेकचे ब्लॉक आणि सगळ्या तारा मिळून पंचवीस. चेन आणि फ्रीव्हील तीस. छर्रे, ग्रीस, तेल पंधरा. टेप आठ-दहा. हे जुन्या चाकासह १५० च्या आसपास येतं, म्हणून फ्रीव्हील चांगली निघाली तर ती ठेवा आणि तेच पैसे मागच्या चाकासाठी बाजूला टाका. क्रम पक्का धरा: आधी माप आणि फ्रेम, मग दोन्ही दांडे, मग बीबी आणि हब, मग चाकं-ब्रेक, मग गिअर, सर्वात शेवटी टेप.

सायकल उभी राहिल्यावर पहिल्या दिवशीच ऑफिसला जाऊ नका. घराजवळ पाच-सहा मैल चालवा, आणि परत आल्यावर कॉटर पिना एकदा प्रेसने दाबून त्यांचे नट पुन्हा आवळा. नवी पिन पहिल्या काही मैलांत थोडी बसतेच, आणि सैल पिनेवर तसंच पायडल मारत राहिलात तर तिची सपाट बाजू मुडपते. ब्रेकच्या तारा ताणल्या जातील, त्यांनाही एक फेरा द्या. हेडसेटची (हँडलच्या बेअरिंगची) ढिलाई बघायला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, टकटक लागली की वरचा नट सैल करून त्याखालचा कप थोडा आवळा आणि नट परत घट्ट करा.

तुमची कार्लटन नेमकी कुठल्या सालची आणि कुठल्या मॉडेलची हे हवं असेल तर व्हेटरन-सायकल क्लबकडे विचारा. तो १९५५ पासून चालू आहे आणि तिथे जुन्या कंपन्यांची माहिती जपणारे लोक आहेत. मला मात्र तीन गोष्टी कळवा: सीटच्या दांड्याला चुंबक चिकटतं का, बीबीची रुंदी किती मिलिमीटर आली, आणि ब्रेकच्या बाहूतल्या खाचेत ब्लॉकखाली किती जागा उरली आहे. त्या कळल्या की चाक कुठलं घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.